पावण्यांची पिशवी

एक साधी पिशवी निवडायला माझ्या थोरल्या बहिणीच्या चुलत दिरांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात साऱ्या कृष्णाकाठची लग्नं जमली असती. नात्यानं ते आमचे पाहुणे, म्हणून घरात लहानथोर सगळे त्यांना 'पावणं' म्हणत. कराडात त्यांचं फोटोचं दुकान होतं. लढाईवर निघालेला शिपाई आणि शेजारी खुर्चीवर त्याची आई, असा फोटो त्यांच्यासारखा कुणाला साधत नसे. आईची मान लेकाकडे वळली की पावणं काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढून म्हणायचे, "मावशी, माज्याकडं बगा. त्यो काय आत्ताच पळून जात न्हाई." मावशी हसायची, तेवढ्यात फोटो निघालेला असायचा. मात्र त्या हसण्यापर्यंत पोचायला अर्धी सकाळ जायची. चप्पल घ्यायची तर ते दोन पायांत दोन निरनिराळे जोड चढवून बाजारातून चक्कर मारून येत. एकदा तसेच घरी निघून गेले आणि दुकानदार उरलेला जोड घेऊन दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला. पावणं त्याला म्हणाले, "थांब गड्या, डाव्याचा इचार अजून झाला न्हाई."

आणि अशा माणसाशी गाठ पडली माझी! मी तेव्हा एकवीस वर्षांचा. बेचाळीसच्या चळवळीत घर सोडलेला, सांगलीत एका माडीवर लपून पत्रकं लिहिणारा आणि सायक्लोस्टाइलवर छापणारा. माझं खरं शिक्षण पत्रकांतच झालं. साध्या वाक्याच्या शेवटीसुद्धा उद्गारचिन्ह ठोकल्याशिवाय मला करमत नसे. त्यातच पलूसकडच्या एका वाडीवर पोलीस उतरले. आमची माणसं लपवल्याचा संशय धरून त्यांनी कणग्यांतल्या जोंधळ्यावर रॉकेल ओतलं आणि गड्यांच्या पाठी वेतांनी फोडल्या. सरकारनं म्हटलं, असं काही घडलंच नाही. आम्हांला फोटो हवे होते. ते मुंबईला धाडले की सरकारचं तोंड बंद. पावण्यांकडे दुकानातल्या मोठ्या कॅमेऱ्याशिवाय भात्याचा एक छोटा घडीचा कॅमेरा होता, तळहाताएवढा. मी जीव मुठीत धरून कराडला गेलो आणि विचारलं. वाटलं होतं, हा माणूस आठ दिवस विचार करील. ते लगेच म्हणाले, "जाऊ या की. पिशवी तेवढी बगू दे."

मग सुरू झालं पिशवी बघणं. वाडीला जाताना कुणी अडवत नसे. येताना मात्र कराड स्टेशनावर प्रत्येकाची झडती होई. कॅमेऱ्याबरोबर आलेली कातडी पेटी पावण्यांनी पहिल्याच दिवशी बाद केली. "ह्ये पितळी बक्कल बगितलंस? ह्ये घालून फिरण्यापरास गळ्यात पाटी बांद." त्यांचं म्हणणं एवढंच, "पिशवी अशी पायजे, का बगणाऱ्याला बगितल्याचं ध्यानातच ऱ्हाऊ नये." आधी त्यांनी पानाची मोठी चंची शिवून घेतली आणि ओगलेवाडीपर्यंत नुसतीच हिंडवून आणली. आपल्या मुलखात चंचीकडे कुणी संशयानं बघत नाही हे खरं, पण चंची दिसली की तीत हात घातल्याशिवाय राहतही नाही. गाडीत शेजारी बसलेल्या पोलीसपाटलानंच "जरा कात बगू" म्हणून हात पुढे केला. पावण्यांनी चंची छातीशी धरली आणि म्हणाले, "आवं पाटील, आत इंचू निगालाय सकाळधरनं." मग त्यांनी भिक्षेची झोळी घेतली, तर पहिल्याच आळीत एका बाईनं ओंजळभर पीठ ओतलं आणि कॅमेऱ्याच्या भात्याला खोकला झाला. मग डॉक्टरची बॅग. तीसुद्धा बाद, कारण वेशीवरच एकानं हाताला धरून यांना आपल्या अडलेल्या सुनेच्या उशाशी नेऊन बसवलं. सुदैवानं मूल स्वतःच्या हिमतीवर जन्मलं. त्या घरानं त्याला पावण्यांचं नाव ठेवलंय.

इकडे माझी आग होत होती. पाठीवरचे वळ काही कुणासाठी थांबत नाहीत. आठ-दहा दिवसांत ते फिके पडतात आणि मग दाखवायचं काय, रॉकेलचा वास? मी त्यांच्या दुकानात उभा राहून त्यांना तोंडावर भित्रा म्हटलं. शेपूट घालणारा म्हटलं. आणखीही म्हटलं, ते इथं लिहवत नाही. पावण्यांनी ऐकून घेतलं, हातातल्या पिशवीच्या नाडीची गाठ सोडली, पुन्हा बांधली, आणि म्हणाले, "भ्यालोय तर हायच रं. म्हनून तर पिशवी बगतोय."

दुसऱ्या दिवशी त्यांना पिशवी सापडली. कराडला कृष्णा-कोयनेचा संगम. चार तालुक्यांतली माणसं आपल्या माणसाच्या अस्थी तिथं घेऊन येतात. पांढऱ्या कापडाची लहानशी पिशवी, आत गाडगं. ती पिशवी भुईवर टेकवत नाहीत, परका तिला हात लावत नाही, आणि शिपाईसुद्धा ती बघून बाजूला सरतो. अशा दोन-चार पिशव्या रोज स्टेशनावर उतरत. पावण्यांनी तसलीच पिशवी शिवली, गाडग्याच्या जागी कॅमेरा ठेवला, आणि सोंग अर्धवट नको म्हणून डोकं आणि मिशी दोन्ही उतरवून टाकली. वाडीवर जाऊन सगळ्या पाठींचे फोटो काढून ते त्या झडतीतून असे चालत आले की एका हवालदारानं त्यांच्यासाठी टांगा बोलावला. नंतर दुसऱ्या वाड्यांवर गेले, तिसऱ्या वाड्यांवर गेले. दर खेपेला कोवळी उगवलेली मिशी जायची. कराडात लोक समाचाराला येऊ लागले. शेजारीण पाटावर बसून डोळे पुसत म्हणाली, "आता कोन गेलं म्हनायचं?" ओळीनं दोन चुलते आणि एक मावशी मारून झाल्यावर पावण्यांची पंचाईत झाली. बायको आतून कडाडली, "आवं, आता म्या तेवढी उरलीया घरात! माज्या जिवावर फोटू काढतायसा व्हय?"

फोटो मुंबईला पोचले, छापून आले. आणि इथं मी जे केलं ते सांगायला मला हा सगळा फेरा घ्यावा लागला. मला राहवलं नाही. पुढच्या पत्रकात मी लिहिलं, की सरकारच्या डोळ्यांदेखत, अस्थींच्या पिशवीतून, आमच्या बहाद्दरांनी सरकारच्या पापाची राख संगमावर आणली! चांगली अडीच पानं लिहिली. वाक्य जमलं म्हणून दोनदा मोठ्यानं वाचलं. पावण्यांचं नाव घातलं नाही, याचं मला केवढं कौतुक वाटलं होतं! नाव झाकलं आणि पिशवी उघडी टाकली.

चार दिवसांनी सकाळच्या गाडीनं ते यायचे होते. रोल घ्यायला मी स्टेशनाबाहेर टांग्यांच्या आड उभा होतो. गाडी थांबली आणि शिपाई थेट पांढऱ्या पिशव्यांकडे गेले. पावण्यांच्या पुढं एक म्हातारे शेतकरी होते, बायकोच्या अस्थी घेऊन आलेले. त्यांनी पिशवी उराशी धरली. "आवं सायेब, माजं मानूस हाय त्ये. हात नका लावू." शिपायानं हिसका दिला. गाडगं फलाटावर पडून फुटलं. म्हातारे खाली बसले, डोईचा पटका सोडून पसरला आणि दोन्ही हातांनी गोळा करू लागले. वाऱ्यानं राख हलत होती.

पावणं त्यांच्याशेजारी बसले आणि गोळा करू लागले. सगळं पटक्यात आल्यावर त्यांनी गाठ मारून दिली. या खेपेला गाठ एकदाच मारली. मग उठून स्वतःची पिशवी शिपायाच्या हातात दिली आणि म्हणाले, "ह्यो घ्या कॅमेरा. तुमी हुडकताय त्यो मीच. आता लोकांच्या गाठोड्यांचा नाद सोडा." जाताना त्यांची नजर टांग्यांवरून फिरली, माझ्यावर आली, आणि ओळख न दाखवता पुढं गेली. मी चालू लागलो. पळालोसुद्धा नाही, रमतगमत चालत गेलो, कारण कुणाच्या नजरेत भरायचं नाही एवढं मी त्यांच्याकडून शिकलो होतो.

त्यांना दीड वर्षाची सजा झाली. कॅमेरा परत मिळाला नाही. ते सुटून आल्यावर मी भेटायला गेलो. रस्ताभर क्षमेची वाक्यं जुळवत होतो, आणि ती नेहमीसारखी छान जुळत होती, याचीच लाज वाटत होती. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "त्या म्हाताऱ्यांचं गाव कंचं, कळलं का रं?" मला ते शोधायचंही सुचलं नव्हतं. त्यांनीच स्टेशनावरच्या टांगेवाल्यांना विचारून विचारून गाव काढलं आणि मला बरोबर नेलं.

म्हाताऱ्यांनी पावण्यांना बघताच ओळखलं. गूळ-पाणी दिलं, अंथरायला घोंगडं दिलं. "ह्यांनी माज्यासंगं माती गोळा केली," असं सुनेला दोनदा सांगितलं. मग माझ्याकडे वळले. पावणं म्हणाले, "ह्यो आमचा पावणा. लिवतो-वाचतो." म्हाताऱ्यांचे डोळे बारीक झाले. "मंग तुमास्नी ठाव असंल. मास्तरानं मला त्यो पिशवीचा कागुद वाचून दावला व्हता. कुनी लिवला व्हता त्यो?"

पावणं दाराबाहेर उसाकडे बघू लागले. मी म्हणालो, "न्हाई बाबा, ठाऊक न्हाई."

परत येताना आम्ही पायीच निघालो. मी मागं पडतोय असं बघून पावणं थांबले. "पाय दुखत असतील तर गाडी बगू का कुनाची?" एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला एक शिवी दिली असती तर मी आजवर त्यांचा ऋणी राहिलो असतो.

आता सगळं स्वतंत्र झालंय. तेव्हाची आमची माणसं पुढारी झालीत, हारतुरे घेतात. पावणं कराडातच आहेत, लग्नांचे फोटो काढतात आणि नवरदेवाला अर्धी सकाळ उन्हात उभा करतात. त्यांच्यावर लिहितोय हे मी त्यांना गेल्या महिन्यात सांगितलं. बराच वेळ त्यांनी विचार केला. "लिव की," म्हणाले, "पन त्या बाबांचं नाव-गाव घालू नगं. त्यांना पुन्ना कुनी तरास द्यायला नगं."

घातलेलं नाही. तिथले मास्तर हे वाचतील तेव्हा त्यांना गाव कळेल. त्यांनी कृपा करून त्या घरी जावं. बाबांना आता ऐकू कमी येतं म्हणे, तेव्हा जवळ बसून जरा मोठ्यानं सांगावं, की तो कागद मी लिहिला होता.