मंगळावरची पाणीवाली बाई

माझं नागपुरात सदरमध्ये चष्म्याचं दुकान आहे. चष्म्याच्या दुकानात माणूस जरा वेळ बसतो. नंबर तपासायचा, फ्रेम निवडायची, आरशात चारदा पाहायचं. बसला की बोलतो. त्यामुळे ती मालिका सुरू झाल्यावर लोक काय म्हणताहेत हे मला मोबाइलवर शोधत बसावं लागलं नाही. ते दुकानात चालत आलं.

मालिका मराठीतली, विज्ञानकथेची. मंगळाच्या जमिनीखाली माणसांनी वस्ती केली आहे, तिथंच जन्मलेली मुलं आता मोठी होत आहेत, आणि पाणी फार थोडं आहे, अशी तिची गोष्ट. दर शुक्रवारी मोबाइलवर एक भाग यायचा. कोणाला किती पाणी मिळेल हे ठरवणारी वस्तीत एक बाई असते, पाणीप्रमुख. पन्नाशी ओलांडलेली, शांत, कोणाचं न ऐकणारी. ती माझी बायको.

म्हणजे ती भूमिका तिनं केली होती. खऱ्या आयुष्यात ती शाळेत मराठीची बाई. आयुष्यभर मुलांची शुद्धलेखनं तपासली, आणि संध्याकाळी हौशी नाटकांत कामं केली. वर्गात तिची भाषा पुस्तकातली आणि घरी मात्र आमची, नागपुरी. नाटकवाल्यांना तिची घरची भाषाच हवी असायची, पण एवढ्याचसाठी की ती ऐकून लोक हसतात. म्हणून तिच्या वाट्याला मोलकरणी आल्या, भाजीवाल्या आल्या, गावाहून आलेल्या मावश्या आल्या. तिला बक्षिसंही मिळाली. पण एकदा एका नाटकानंतर घरी येताना ती गाडीवर माझ्या मागं बसून म्हणाली होती की मी रडण्याचा सीन केला तरी लोक हसतात. मी गाडी चालवत राहिलो.

या मालिकेची दिग्दर्शिका पुण्याची, आमच्या मुलीच्या वयाची. विदर्भातले नट शोधायला नागपूरला आली होती. बायकोनं तिच्यापुढं दोन पानं अगदी शुद्ध भाषेत वाचून दाखवली. तिनं छान म्हटलं, पण ते छान कसं असतं ते बायकोला ठाऊक होतं. तेवढ्यात बायकोला फोन आला. मे महिना, घरचा कूलर बंद पडलेला, आणि दुरुस्तीवाला सकाळपासून येतो येतो म्हणत होता. बायको कोपऱ्यात जाऊन त्याला म्हणाली, "काहून नाही आला गा तू? मी सकाळपासून वाट पाहून राहिली. येत नसशील तर तसं सांग, मी दुसऱ्याले बोलावते." ना आवाज चढवला, ना चिडली. फोन ठेवून वळली तर दिग्दर्शिका तिच्याकडे पाहत उभी. म्हणाली, पाणीप्रमुख अशीच बोलेल.

दुसरी कोणी असती तर लगेच हो म्हणाली असती. बायकोनं विचारलं की हे विनोदी काम आहे का. नाही, असं उत्तर आल्यावर तिनं आपली अट सांगितली. ती मला तिनं घरी आल्यावर जशीच्या तशी ऐकवली. "मी असं बोलेन, पण पडद्यावर माझ्या बोलण्यावर कोणी हसणार नाही. एक माणूसही नाही." दिग्दर्शिकेनं हात पुढं केला आणि काम ठरलं.

मग इंदोरा भागातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर संवादांचे कागद पसरले. एकेक वाक्य ती मोठ्यानं म्हणायची, नंतर आपल्या भाषेत वळवायची. मी पोळी खाता खाता मंगळावरच्या गळक्या नळ्यांबद्दल मत द्यायचो. एका ठिकाणी मूळ कागदावर 'जलसाठा चिंताजनक आहे' असं होतं. तिनं ते खोडून लिहिलं, 'पाणी पुरून नाही राहिलं.' मी म्हटलं, यानं जास्त भीती वाटते. ती म्हणाली, वाटलीच पाहिजे.

शूटिंग मुंबईत झालं. पावसाळा सरता सरता ती परत आली आणि हिवाळ्यात पहिला भाग आला. आम्ही दोघं सोफ्यावर, आणि पुण्यात राहणारी आमची मुलगी फोनवर, असा आम्ही तो पाहिला. तिचा पहिलाच प्रवेश. लांब बोगद्यातून ती चालत येते, भिंतीला कान लावते आणि आतून पाणी वाहतंय का ते ऐकते. मला ती माझी बायको वाटलीच नाही. मला त्या बाईचा थोडा धाक वाटला.

पुढच्या सोमवारी दुकानात कॉलेजातला एक मुलगा मैत्रिणीला घेऊन आला. फ्रेम लावून आरशासमोर उभा राहिला आणि बायकोची नक्कल करू लागला. पाणी पुरून नाही राहिलं, असं नाकातून, हेल काढून. मैत्रीण हसून हसून खुर्चीत बसली. तो मला सांगू लागला की काका, नवी सिरीयल आली आहे, मंगळावर भाजीवाली पोहोचली आहे. मी त्याच्या चष्म्याची दांडी गरम करून कानाशी वाकवत होतो. वाकवली, बसते का विचारलं, आणि त्याला सोडलं.

त्याच आठवड्यात एक निवृत्त साहेब आले. कुठल्याशा सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, बोलणं अगदी घासूनपुसून घेतलेलं. त्यांच्या मते मराठीत एवढं चांगलं काही होऊ घातलं होतं आणि त्या बाईच्या भाषेनं त्यावर पाणी पडलं. शास्त्रज्ञ असं बोलतात का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला शास्त्रज्ञ माहीत नाहीत. त्यांचा नंबर बदलला होता. काचा आल्या की फोन करतो म्हणालो.

मोबाइलवर याहून वाईट चाललं होतं. मुलीनं मला वेगळा फोन करून सांगितलं की आईला वाचू देऊ नका. मी घरी गेलो तर आई डोळ्यांवर चष्मा लावून तेच वाचत बसली होती. एकानं लिहिलं होतं की हिला आधी भाषा शिकवा. तिनं ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "यानं दोन शब्दांत तीन चुका केल्या. मले भाषा शिकवून राहिला." आम्ही दोघंही हसलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना तिनं माझ्या कपात दोनदा साखर घातली.

तिसऱ्या भागानंतर मुंबईहून फोन आला. मालिकेत पैसा घातलेली मंडळी घाबरली होती. उरलेल्या भागांत पाणीप्रमुखाचा आवाज दुसऱ्या कोणा बाईकडून शुद्ध मराठीत भरून घ्यावा असं त्यांचं म्हणणं. चेहरा बायकोचाच राहील, नावही राहील. फोन दिग्दर्शिकेनंच केला होता. बोलता बोलता ती माफी मागू लागली, तेव्हा बायकोनं आधी तिचीच समजूत काढली. मग म्हणाली, "त्यांना सांग, आवाज बदलायचा असेल तर चेहराही बदला. माझ्या तोंडात दुसरीची जीभ नाही चालत."

फोन ठेवल्यावर मी विचारलं की त्यांनी खरंच बदललं तर. ती म्हणाली, बदलू देत, मी तर बोलून चुकली. आणि भात लावायला आत गेली. मला त्या वेळी जे वाटलं त्याला अभिमान म्हणावं की नाही, मला कळेना. मी उठून ताटं मांडली.

पुढं दिग्दर्शिकेनं तिकडे काय भांडण केलं ते आम्हाला तुकड्यातुकड्यानं कळलं. पाचवा भाग येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, एवढं तिनं मिळवलं. पाचव्या भागात काय आहे ते तिला ठाऊक होतं.

त्या भागात वस्तीवर जन्मलेली एक लहान मुलगी पाणीप्रमुखाकडे येते. तिनं जुन्या चित्रात नदी पाहिलेली असते. नदी म्हणजे काय, असं ती विचारते. लेखकानं तिथं चांगला लांबलचक परिच्छेद दिला होता, चांदणं, काठ, पक्षी वगैरे. बायको बराच काळ त्या कागदाशी अडून बसली होती. तिला तिची आजी आठवत होती. आजी उमरेडकडच्या एका खेड्यातली. आजीच्या लहानपणी आमच्या लोकांना गावच्या विहिरीला हात लावता येत नसे. घागर घेऊन लांब उभं राहायचं, कोणाला दया आली तर तो वरून ओतणार, तो ओतेल तेवढंच घरी न्यायचं. पुढं आजीनं बौद्ध धम्म स्वीकारला, नागपूरला आली, घरात नळ आला. तरी म्हातारपणीही ती नळाखाली बादली लावून, भरेपर्यंत तिच्याकडे बघत बसायची.

शूटिंगच्या दिवशी बायकोनं तो परिच्छेद बाजूला ठेवला. पडद्यावर ती त्या मुलीचे केस सारखे करते आणि म्हणते, "नदी म्हणजे असं पाणी, बेटा, जे तुले कोणी मोजून नाही देत."

बस, एवढंच. मग ती उठते आणि कामाला जाते.

तो भाग शुक्रवारी आला, पण मी सांगतो आहे ते रविवारचं. आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाल्यावर तरुण मंडळींनी पडदा लावला. शंभरेक माणसं सतरंजीवर बसली होती. मंगळ काय, बोगदा काय, म्हाताऱ्या बायांना त्यातलं फारसं कळत नसावं. त्या आपल्या ओळखीच्या बाईला पाहायला आल्या होत्या. ती पडद्यावर आली तेव्हा थोडी कुजबुज झाली. नदीचं वाक्य आलं आणि सगळं थांबलं. एका बाईनं पदर तोंडाला लावला, तिच्या शेजारचीनं लावला, आणि मागं बसलेल्या पोरांना कळेना की आया काहून रडून राहिल्या. मग त्या आयांनीच त्यांना तिथं सतरंजीवर बसून विहिरीचं सांगितलं. काही पोरं ते पहिल्यांदा ऐकत होती.

भाग संपल्यावर मागच्या गल्लीतली एक म्हातारी काठी टेकत बायकोजवळ आली. तिनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आमच्या विहिरीची गोष्ट तू मंगळावर नेली वं." इतके दिवस लोकांचं सगळं वाचून न डगमगलेली माझी बायको तेव्हा रडली.

त्या एका वाक्यानं सगळं जग बदललं असं मी म्हणणार नाही. खिल्ली उडवणारे अजूनही उडवतात. पण त्यांच्या जोडीला दुसरी माणसं आली. रामटेकच्या एका शेतकऱ्यानं धानाच्या बांधावर उभं राहून ते वाक्य म्हटलं आणि त्याचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला. परदेशात शिकणाऱ्या एका मुलीनं लिहिलं की ती गेली दोन वर्षं घरी फोन करताना खोलीचं दार लावून घेत होती, तिचं बोलणं मैत्रिणींनी ऐकू नये म्हणून, आणि आता लावत नाही. हे सगळं मुलगी आईला फोनवर वाचून दाखवायची. आवाज बदलण्याचा विषय मुंबईकरांनी पुन्हा काढला नाही. उलट जाहिरातीत तेच वाक्य घेतलं.

काचा येऊन बरेच दिवस झाल्यावर ते निवृत्त साहेब चष्मा न्यायला आले. मी चष्मा त्यांच्या डोळ्यांवर बसवला, वाचायला मजकूर दिला. त्यांनी तो वाचला नाही. म्हणाले की पाचवा भाग त्यांनी आपल्या बायकोसोबत पाहिला. त्यांची बायको भंडाऱ्याची. लग्न होऊन आली तेव्हा तीही तुले-मले असंच बोलायची, पण साहेबांच्या घरात ते चालणार नाही म्हणून तिनं सोडलं. त्या रात्री ती जेवायला वाढताना एकाएकी तिच्या माहेरच्या बोलीत बोलली. "मला वाटलं, घरात कोणी पाहुणी आली आहे," साहेब म्हणाले. "मग लक्षात आलं, हीच तर आली होती."

मी म्हटलं, "साहेब, ती पाणीवाली बाई माझी मिसेस आहे."

त्यांनी नवा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि उभे राहून माझ्याशी हात मिळवला. मग बाहेर जाऊन आपल्या बायकोला फोन लावला. काचेतून मला ते दिसत होते. रस्त्यावरच्या गर्दीत एका कानावर हात ठेवून, मोठमोठ्यानं सांगत होते.

आता मालिकेचं पुढचं पर्व लिहिणं चालू आहे. त्यात पाणीप्रमुखाच्या हाताखाली एक तरुण मुलगी येणार आहे, आणि तिच्यासाठी चंद्रपूरची एक नटी निवडली आहे. तिला तयार करायचं काम दिग्दर्शिकेनं बायकोकडे दिलं. दुपारी जेवायला मी घरी येतो तेव्हा फोन स्पीकरवर ठेवून त्यांचं चाललेलं असतं. ही नटी हुशार आहे, पण कॅमेऱ्याची सवय असल्यामुळे बोलायला लागली की आपोआप पुस्तकी भाषेत शिरते. काल बायकोनं तिला सांगितलं, घाबरू नको वं, आधी तुझ्या आईले फोन लाव, अर्धा तास बोल, अन् मग मले लाव. तिनं तसं केलं. मी ताटावरून उठून हात धुवेपर्यंत आतून दोघींचा आवाज येऊ लागला होता, आणि कोणता कोणाचा ते मला दारातून ओळखू येईना.