ग्रँडआजींचा उन्हाळी नाताळ

आमच्या शेजारच्या बाईंना कशा आहात विचारलं की एकच उत्तर यायचं, "ग्रँड." त्यांचा नवरा गेला त्या आठवड्यातही दारात उभं राहून त्या मला हेच म्हणाल्या होत्या. आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे 'ठीक चाललंय' इतकंच, हे ॲडम्सटाउनला राहायला आल्यावर मला हळूहळू कळलं. माझ्या लेकीनं त्यांना ग्रँडआजी करून टाकलं. पुढे माझ्या लक्षात आलं, की भीती वाटली की बाई हा शब्द जास्त वेळा म्हणतात.

आणि भीती त्यांना पुष्कळ गोष्टींची वाटे. लिफ्टची, कुत्र्यांची, वादळाच्या इशाऱ्याची. त्यांना एकाहत्तरावं लागलं त्या वर्षी मुलानं, शॉननं, पश्चिम ऑस्ट्रेलियातून तिकीट पाठवलं. नात सहा महिन्यांची झाली होती, पहिला नाताळ आजीबरोबर व्हायला हवा होता. बाई माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. "तिथे नाताळात बेचाळीस डिग्री असतं म्हणे. माणूस त्यात जगतो कसा?"

मी नागपूरची. म्हटलं, "सकाळी नऊलाच पडदे ओढून घ्यायचे. बारा ते चार बाहेर पाऊल टाकायचं नाही. डोक्यावर ओला दुपट्टा, आणि मीठ-साखरेचं पाणी घोटघोट प्यायचं." त्यांनी सगळं एका पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. जाताना माझा सुती दुपट्टाही नेला.

तिथून रोज फोन यायचा. "झाड प्लास्टिकचं आहे, जेवण गार आहे, सकाळी सातला अंगण तापतं. मी ग्रँड आहे, ग्रँड."

नाताळच्या दिवशी आमच्याकडे सकाळचे दहा वाजले होते, तिथे संध्याकाळचे सहा. व्हिडिओ कॉलवर त्यांच्यामागचं आकाश विटकरी दिसत होतं. गावामागच्या रानाला आग लागली होती. शॉन गावच्या अग्निशमन पथकात स्वयंसेवक, तो दुपारपासून तिकडेच होता. घर सोडा, असा निरोप आला होता. सून बाळाला छातीशी धरून बसली होती, शॉन आल्याशिवाय हलणार नाही म्हणत होती.

"आता काय करणार तुम्ही?" मी विचारलं.

"गाडी मी काढते. इथेही डाव्याच बाजूनं चालवतात." मग सुनेकडे वळून त्या म्हणाल्या, "शॉन माझाही आहे. ऊठ."

फोन बंद झाला.

आमच्याकडे दोन कुटुंबं जेवायला यायची होती. मी पुऱ्या लाटत होते आणि मधेमधे फोन लावत होते. लागत नव्हता. नवऱ्यानं बातम्या लावल्या, त्या मी बंद करायला लावल्या. पाहुणे जेवले, मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघरातच थांबले. तीनच्या सुमाराला निरोप आला: "शाळेच्या हॉलमध्ये आहोत. बाळ झोपलंय. शॉनचा पत्ता नाही." त्यात ग्रँड नव्हतं. मला जास्त धडकी त्याचीच भरली.

शॉन दुसऱ्या दिवशी पहाटे सापडला, हात भाजलेला, पण चालत आलेला. घर मात्र गेलं.

फेब्रुवारीत बाई परतल्या तेव्हा मी म्हटलं, "केवढा धीर दाखवलात." त्यांनी मान हलवली. "धीर कुठला गं. धुरात पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. सबंध रस्ता मी घाबरलेलीच होते. हात चालत होते, एवढंच."

सप्टेंबरात त्यांनी इथलं घर विकलं. "उन्हाळा पुन्हा येणारच. तेव्हा मी तिथे असायला हवं," म्हणाल्या.

निघायच्या दिवशी माझा नवरा त्यांना विमानतळावर सोडायला तयार होता. पण त्या बॅग घेऊन माझ्या गाडीपाशी उभ्या राहिल्या. तोवर मी मोटरवेवर कधी गाडी घातली नव्हती, ट्रक दिसले की आतल्या रस्त्याला वळायचे. त्या दिवशी घातली. वाटभर त्या शेजारी मांडीवरची पर्स घट्ट धरून बसल्या. विमानतळावर उतरताना म्हणाल्या, "परत जाताना मी नसेन. सावकाश जा."

त्या आत दिसेनाशा झाल्यावर मी दहा मिनिटं गाडीत नुसती बसून राहिले. मग किल्ली फिरवली, आणि घाबरत घाबरत एकटी घरी आले.