उंबऱ्यापुढची कोयरी

उचलली जीभ लावली टाळ्याला, माझं हे असंच. म्हैसूरच्या एका संग्रहालयातून दोन मुली आमच्या घरी आल्या, अप्पांचे जुने लाकडी ठसे बघायला. मंडी मोहल्ल्यात अप्पांचं साड्या छापायचं काम होतं. अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली, आता त्याच जागेत मी ब्लाउज शिवते. मुलींनी ठशांचे फोटो काढले, अप्पांच्या नक्षीच्या वह्या स्कॅन करायला मागून घेतल्या आणि विचारलं, "डिझायनर कोण?"

मी काही विचार न करता सांगून टाकलं, "अप्पा. दुसरं कोण?"

आई तेव्हा त्यांच्यासाठी कॉफी घेऊन आली होती. तिने ऐकलं, लोटे खाली ठेवले आणि आत गेली.

मला माहीत नव्हतं असं नाही, म्हणून तर स्वतःचा संताप येतो. नक्षी आईची होती. रोज सकाळी ती दारात रांगोळी काढायची, आणि काल काढलेली आज कधी नाही. अप्पा वही-पेन्सिल घेऊन शेजारी उकिडवे बसायचे आणि वरुणा गावाहून येणाऱ्या दूधवाल्याची सायकल तिच्यावरून जायच्या आत घाईघाईने उतरवून घ्यायचे. आवडलेल्या नक्षीचा ठसा कोरला जायचा. बाईमाणसाने नक्षी काढली असं व्यापाऱ्यांना सांगायची पद्धत नव्हती, मग घरातही कुणी म्हणायचं नाही. दूधवाला येऊन गेला की रांगोळी संपली. वह्या तेवढ्या राहिल्या, त्या अप्पांच्या हातच्या.

संग्रहालयात त्या ठशांचं प्रदर्शन उघडलं तेव्हा आईला ऑटोने घेऊन गेले. अंधाऱ्या खोलीत भिंतभर पडदा. बोट लावलं की वहीतली कोयरी उमलायची, रंग बदलायचे, कोरी साडी बघता बघता भरून जायची. वर अप्पांचा मोठा फोटो आणि खाली त्यांचं नाव. आईने भीतभीत बोट लावलं. कोयरी उघडली. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"देठ उजवीकडे वळवलाय बघ ह्यांनी," ती म्हणाली. "माझा डावीकडे होता. दूधवाला लवकर आला असेल त्या दिवशी."

"आई, तुझं नाव घालायला सांगू?"

"होगली बिडू, जाऊ दे ग. फोटो किती छान आलाय त्यांचा!"

जाऊ दे काय, जाऊ दे? मी तडक त्या मुलींपैकी एकीला गाठलं आणि सगळं सांगितलं. पोरगी बिचारी चांगली. म्हणाली, "आंटी, त्यांच्या हातचं एखादं पान आहे का?" पान! सगळी पानं मीच हौसेने हातात दिली होती, आणि एकावरही आईची रेघ नाही. शेवटी ती म्हणाली, "त्यांचा रांगोळी काढताना व्हिडिओ घ्या. नाव घालता येतं का बघते."

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारातला रांगोळीचा स्टिकर खरवडून काढला. आईचे गुडघे गेल्यावर तोही मीच आणून चिकटवला होता. सडा घातला, आईला बुटक्या स्टुलावर बसवलं आणि मोबाईल घेऊन उभी राहिले.

तिच्या चिमटीतली पांढरी पूड नको तिथे सांडत होती, कोयरीचं पोट वाकडं झालं, आतला मोर तर बदकच वाटत होता. हे बघून कोण विश्वास ठेवणार? मला रडू यायला लागलं. मग तिने देठ काढला. डावीकडे, हात न उचलता, एका दमात. तो जवळून घ्यावा म्हणून मी पाऊल पुढे टाकलं, तर ती केवढ्याने ओरडली.

"अय्यो, पाय मागे घे! तुझ्या अप्पांचं अजून उतरवून व्हायचंय."

व्हिडिओत त्यापुढे फक्त माझे पाय आहेत, मागे सरकणारे.