डागवाल्या मावशीची प्रार्थना

देव मावशीच्या कानात लोकांची पापं सांगतो, अशी आमच्या चर्चच्या मंडळीत वदंता होती. प्रार्थनासभेत ती गुडघे टेकायची, डोळे गच्च मिटायची आणि कुणाची तरी पार धुलाई व्हायची. "हे स्वर्गीय पित्या, तुझं एक लेकरू आहे, नाव घेत नाही, तिसऱ्या बाकावर बसतं, डोक्यावर केस नाहीत, त्याला बाटलीपासून सोडव." तिसऱ्या बाकावर टकलू एकच होता.

खरं म्हणजे यात देवाचा काडीचाही हात नव्हता. मावशी लाँड्रीत डाग काढायला होती. मंडळीतल्या निम्म्या घरांचे कपडे तिच्याच टेबलावर यायचे, आणि पापं कानातून नाही, कॉलरीतून नि बाह्यांतून यायची. सांडलेली दारू, परक्या ओठांचा रंग, उशीच्या अभ्र्यावर ओघळलेलं काजळ. कपडा गिऱ्हाइकाला परत, पाप देवाला पोच. दोन्हीकडे वेळेवर.

"मावशी, ही निंदा नाही का गं?" मी एकदा विचारलं.

"निंदा माणसांपाशी करतात. मी देवाला सांगते."

"एवढ्या मोठ्यानं?"

"मग? बाकीच्यांना आमेन कशाला म्हणायचं ते कळायला नको?"

मावशी विधवा, मूलबाळ नाही. तिनं खोली घेतली तीही अशी, की खिडकीतून चर्चचं फाटक दिसावं आणि कोण उशिरा येतं ते कळावं. स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ नि दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ यावर पाळकांनी उपदेश केला, की ती मान वळवून मागच्या बाकांवर नजर फिरवायची. कुणाला झोंबलं ते बघायला.

लाँड्रीत तिचा डोळा होता इस्त्रीवालीवर. इस्त्रीवालीचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या हातांवर चालायचं, आणि तरी ती हसायची. हाच तिचा गुन्हा. गाडीवाला कपड्यांचे गठ्ठे घ्यायला आला की दारातून काहीतरी टोमणा मारायचा आणि ही खळखळून हसायची. मावशी तेव्हा डागावर ब्रश दुप्पट जोरानं घासायची. घरात तिरडीची तयारी आणि ही दात काढते!

अशातच गायकवृंदाचे पांढरे झगे धुवायला आले. त्यातला एक इस्त्रीखाली करपला. छातीवर तपकिरी डाग, बोट लावलं तर कापड फाटेल असा. मालकांनी इस्त्रीवालीला फैलावर घेतलं. ती म्हणाली, "साहेब, इस्त्री गरम नव्हती हो." मालकांनी करपलेला झगा तिच्यापुढे धरला.

मालक प्रार्थनासभेलाही यायचे. त्या आठवड्यात मावशीच्या अंगात आलं होतं. "प्रभू, तुझी एक मुलगी आहे. नवरा खाटेवर, हात इस्त्रीवर आणि डोळे दारातल्या पुरुषावर. तुझ्या गायकांचं वस्त्र तिनं जाळलं. तिच्या मनातली आग विझव." आमेन इतकं दणकून झालं की खिडकीची काच थरथरली. मालकांचं आमेन सगळ्यात शेवटी आलं, हळू, विचार केल्यासारखं. दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीवालीला महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे काम बघायला सांगितलं.

मावशी खूश होऊन आमच्या घरी आली. दारातच थबकली, कारण आत मी भावंडांना तिची नक्कल करून दाखवत होते. चष्मा नाकावर, तोंड वाकडं, डाव्या हातात रुमाल, उजव्या हातात दात घासायचा ब्रश. "औषध लावायचं, ब्रश मारायचा, अगं बाई, बघितलंस का तिला, कशी हसते बघ मेली, लाज नाही, शरम नाही..." आणि रुमाल भिरकावला टोपलीत. भावंडं लोळत होती.

"औषध लावल्यावर रुमाल पाण्यातून कुठं काढलास?" दारातून आवाज आला.

मी दचकले, पण जीभ आवरली नाही. "तू तरी कुठं काढतेस? डबा द्यायला येते तेव्हा बघते ना मी, कुणाबद्दल बोलायला लागलीस की कपडा सरळ टोपलीत."

मावशी दारातूनच परत फिरली. बसलीही नाही.

सकाळी लाँड्रीत जाऊन तिनं तो झगा पहिल्यांदा नीट बघितला. इस्त्रीच्या चटक्याला टोक असतं. हा डाग गोल होता, कडेला शिंतोडे. तिथं आधी टाचणीचा गंज होता आणि तो तिनंच औषधानं काढला होता. ते औषध कापडात राहिलं आणि वर इस्त्री फिरली, की कापड करपणारच, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तो गंज काढताना ती कुणाबद्दल बोलत होती, तेही आठवलं. पलीकडे इस्त्रीवाली मान खाली घालून काम करत होती. हसत नव्हती. मावशीनं झगा घडी करून गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला.

संध्याकाळी तिचा चेहरा बघूनच मी ओळखलं. "झगा तूच जाळलास ना?"

"गप."

"सांगणारेस मालकांना?"

"सभेत सांगेन. जिथं तिचं केलं, तिथंच माझं."

मला हसू फुटलं. "तू? स्वतःचं पाप? लाव पैज. सांगितलंस, तर सगळ्यांसमोर माझी नक्कल कर. नाही सांगितलंस, तर मी तुझी करणार, थेट पाळकांपुढे."

"लागली," मावशी म्हणाली.

सभेत ती गुडघ्यांवर बसली. आवाज तोच. "प्रभू, तुझी एक मुलगी आहे..." लोक सरसावले. टकलूनं तर कान टवकारले. "...डाग काढते. झगा तिनं जाळला. औषध धुतलं नाही, कारण तोंड चालू होतं. आळ दुसरीवर घातला. ती मुलगी मी." मग टकलू म्हणाला, "आमेन!" लाडू तोंडात टाकावा तसं. त्यामागून सगळे. इतकं गोड आमेन मी आजवर ऐकलेलं नाही.

इस्त्रीवाली कामावर राहिली. मावशीला मालकांनी डागांच्या टेबलावरून उठवून मोज्यांच्या जोड्या लावायला बसवलं. मावशी इस्त्रीवालीकडे गेली, तर ती इस्त्री न थांबवता म्हणाली, "माफ केलं. पण माझ्यासाठी प्रार्थना नका करू. कधीच." आणि सभेत आता दर आठवड्याला कुणी ना कुणी 'पडलेल्या बहिणी'साठी, म्हणजे मावशीसाठी, मोठ्यानं प्रार्थना करतं, बारीकसारीक तपशिलासकट. मावशी डोळे मिटून ऐकते. आमेन म्हणते.

पैज ती विसरली असेल, असं मला वाटलं होतं. पण एका संध्याकाळी सगळं घर जमलेलं असताना ती उठली, ओढणी माझ्यासारखी खांद्यावर टाकली आणि चष्मा काढला. कुणाचा तरी आवाज काढल्यासारखं केलं, मग थांबून खोलीभर नजर फिरवली, एकेका चेहऱ्यावरून, कोण हसतंय, कोण नाही. जो हसला नाही त्याच्याकडे बघत पुन्हा तेच, जरा जास्त दुष्टपणे. मान वळवायची ढब अगदी चर्चमधली, मागच्या बाकांवर नजर टाकतानाची.

सगळं घर पोट धरून हसलं. हुबेहूब होतं, कारण माझीही नजर तेव्हा खोलीभर फिरत होती.