कुसुमचे दोन खडे

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तो कुसुमचा सख्खा भाऊ, आणि पोटात काही ठेवणं त्याला जमत नाही, म्हणून तर नाहीच. आज तुम्हाला सांगते. आधी जरा इकडचं तिकडचं बोलेन – एकदम तोंडातून निघत नाही.

माझं माहेर फर्दापूरचं. लेणी बघायला येणाऱ्यांना वडील स्फटिक विकायचे, त्यामुळे दगड हाताळतच मी मोठी झाले. लग्न होऊन शहरात आले, खडे घासायला शिकले आणि सिडकोतल्या घराच्या गच्चीवर पत्र्याखाली चाक बसवलं. नवरा चितेगावला कारखान्यात. तो कामावर गेला की मी वर. खडबडीत, मातकट गोळा हातात घ्यायचा, कापायचा, घासत घासत गोल करायचा आणि शेवटी नमद्यावर, म्हणजे लोकरीच्या जाड पट्टीवर, चकाकी आणायची. तो पहिल्यांदा चमकतो ना, तेव्हा मी अजूनही एकटीच हसते. कुणी बघितलं तर काय म्हणेल?

कुसुम माझी धाकटी नणंद. दिली पिशोरला. तिथं त्यांच्या विहिरीला सुरुंग लावले, आणि ज्या दिवशी पाणी लागलं त्याच दिवशी उपसलेल्या ढिगात तिला एक दगड सापडला. दुधात मध सांडावा तसा. ओपल! ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर धरून, एसटीनं घेऊन आली.

माझी लेक तेव्हा पाळण्यात होती, बारसं ठरलं होतं. नाव ठेवणार आत्या, म्हणजे कुसुम. आत्याला मान द्यावा लागतो. तिनं साडी नको म्हणून सांगितलं.

"वैनी, ह्याचा एकच मोठा खडा करा. चांदीत बसवून गळ्यात घालीन. आमच्या विहिरीचा हाय, सगळ्या पिशोरला दिसला पाहिजे!"

मी हो म्हटलं. जमण्यासारखंच होतं. दगड निकोप होता, आत कुठं रेघ नव्हती. हे मी नीट तपासलं होतं – एवढं लक्षात ठेवा.

आता, ओपलच्या पोटात पाणी असतं. तापला की तो तडकतो. म्हणून घासताना चाकावर सारखं पाणी ठिबकत ठेवायचं. माझ्याकडे त्यासाठी चाकाच्या वर टांगलेला तोटीचा डबा होता. आणि आमच्या शहरातलं पाणी तुम्हाला माहीतच आहे – नळ आला तो दिवस सणाचा. तेव्हा पाणी जपून वापरायची सवय हाडात मुरलेली. अकीकासारखा टणक दगड घासताना मी तोटी अधूनमधून बंद करायची. अकीक सोसतो.

बारशाच्या आदल्या दुपारी डबा संपला. खडा जवळजवळ झाला होता, सुंदर घुमट आला होता. लेक खाली झोपलेली, म्हटलं ती उठायच्या आत उरकू. थोडंच तर राहिलंय, कोरडंच घासू – नळ तरी कुठं आलाय?

टिच्.

एवढाच आवाज. खड्याचे दोन तुकडे.

पाणी नव्हतं, असं मी स्वतःला किती वर्षं सांगितलं! पण खोटं आहे ते. जिन्याच्या तोंडाशी ड्रम होता आणि तो काठोकाठ भरलेला होता. चार पावलं. मी उठले नाही.

पुढचं त्याहून वाईट. तुकडे सारखे नव्हते, एक मोठा, एक लहान. तसेच दिले असते तर फुटलेत हे कुणालाही कळलं असतं. म्हणून मोठ्या तुकड्यातला चांगला दगड घासून उडवला आणि तो लहानाच्या मापाचा केला. या वेळी मात्र भरपूर पाणी घालून. खोट्यासाठी उठले की नाही ड्रमपर्यंत?

बारसं झकास झालं. कुसुम पाळण्यावर वाकून 'कुर्रर्र' म्हणाली आणि बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की ती लेकीचं नावच विसरली. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट. मग मी तिच्या हातात डबी ठेवली. तिनं उघडली. चांदीच्या आकड्यांना चिकटवलेले, कानातले दोन थेंब.

"वैनी... एकच मोठा करनार व्हत्या ना?"

सगळ्या बायका बघत होत्या. मी आवाज चढवला. "आत दोनच होते. दगडाच्या मनात काय आहे ते बघावं लागतं. तुला त्यातलं काय कळतं?"

तिचा चेहरा उतरला. क्षणभरच. मग तीच हसली. "व्हय की, मला काय कळतंय! मला शेरडं कळत्यात." आणि तिथंच कानात घालून मिरवायला लागली.

ती अजून मिरवते. पिशोरच्या बाजारात सांगते, माझ्या वैनीला दगडाच्या आतलं दिसतं. त्यावर माझा धंदा चालला. लोक दगड पुढं ठेवतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. मीही चष्मा काढते, डोळे बारीक करते, हं म्हणते. काय दिसतं मला? जे तुम्हाला दिसतं तेच.

यंदा त्यांनी विहीर आणखी खोल नेली. पुन्हा दगड निघाला, पहिल्याहून मोठा. कुसुम तो घेऊन आली, तशीच ओल्या फडक्यात.

"नातवाचं बारसं हाय. माझी पोरगी आत्या झाली, तिचा मान. बघा बरं वैनी, आत किती हायत?"

"एक," मी म्हटलं.

"एकच? नीट बघा की!"

"एकच आहे गं. तूच घाल ना गळ्यात."

"मला कशाला? मला माझे दोन हायत की. तुम्ही शोधून दिलेले."

बादली शेजारी ठेवून घासला तो मी. काय उतरलाय म्हणून सांगू! आवळ्याएवढा, आणि उजेडाला धरला की आत मध हलतो. शेवटच्या चकाकीला मी गच्चीवर एकटीच टाळ्या वाजवल्या.

उद्या पिशोरला बारसं आहे. तिला बोलले ते बायकांच्या देखत, तेव्हा हेही बायकांच्या देखतच सांगणार. पाळणा हलेल, कुर्रर्र होईल, नव्या आत्याच्या पाठीत धपाटे बसतील. ती डबी उघडेल. मग मी कुसुमकडे वळून म्हणेन – तुझ्या दगडात एकच खडा होता. तू बरोबर विचारलं होतंस. ड्रम भरलेला होता आणि मी उठले नाही.