भाऊबीजेला पत्र्यावर पडलेली थाप

भूतबीत असला विषय निघाला की मी सरळ उठून जाते. काडीचाही विश्वास नाही माझा. तरी हे लिहितेय, कारण त्या गाडीत मी स्वतः होते!

साल पंचाहत्तर-शहात्तर असेल. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहायचो. बाबा ट्रक ड्रायव्हर. त्यांनी भंगारातून संस्थानी काळातली एक घरगाडी आणली होती — आत पलंग, स्टोव्ह, खिडक्यांना पडदे... दोन वर्षं खपून ती चालती केली. आई तिला ‘डबा’ म्हणायची.

त्या दिवाळीत घाटाखालून मामाचं पत्र आलं. पाय मोडलाय, भाऊबीजेला येणं जमत नाही. वीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती! आई आधी रडली, मग म्हणाली, “त्याला येता येत न्हाय, तर मी जातो की!” पण तिची कंबर धरलेली, एसटीत बसवत नव्हतं. बाबा खुलले. “डब्यात झोपून चल, राणीसाहेब!”

काय मजा आली म्हणून सांगू! दोन्हीकडे ऊस, पुढे हिरवे डोंगर, आम्ही चकल्या खात, गाणी म्हणत निघालो. गगनबावड्यात मात्र धुकं. समोरचं काही दिसेना, तरी बाबा गाडी रेटतच होते.

आणि मागच्या पत्र्यावर बाहेरून थाप पडली. एकच!

क्लीनरची एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. बाबांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. “कोण हाय रं?” कुणीच नाही. मी बाबांशेजारी. आई आत आडवी, दोन्ही हातांत ओवाळणीचं ताट.

मी खाली उतरून बघितलं. दहा पावलांवर चहाची टपरी, आणि बाकड्यावर प्लास्टरचा पाय पसरून... मामा! राहवेना म्हणून तांदळाच्या ट्रकमधून घाट चढून आला होता, आता कोल्हापूरच्या एसटीची वाट बघत होता. आम्ही थांबलो नसतो तर आम्ही त्याच्या दारात आणि तो आमच्या कुलपासमोर!

“गाढवा, पाय मोडलाय नव्हं तुझा?” आई ओरडली, हसली, रडली. तिथंच डब्यात तिनं त्याला ओवाळलं. टपरीवाल्यालाही करंज्या दिल्या. मग आम्ही चौघं गाडीत बसलो, दार लावलं. टपरीवाला समोरच करंजी खात उभा होता.

पत्र्यावर दोन थापा पडल्या.

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि गिअर टाकला. “कंडक्टर हाय की आपला!”

कोण होतं, मला आजही सांगता येत नाही. गाडी पुढे बरीच वर्षं होती. निघताना बाबा दर वेळी क्षणभर कान देऊन थांबायचे. थाप पुन्हा कधी आली नाही. मामा मात्र दर भाऊबीजेला आला.