पोलादपूरची कोरडी गाडी

बाळ खांबेट्यांना बसता येत नसे. शरीरात बिघाड काही नव्हता. पण महाडच्या बाजारपेठेत वडिलांनी थाटून दिलेलं वह्या-पुस्तकांचं दुकान, त्यात गल्ल्यामागे एक उंच स्टूल, आणि त्या स्टुलावर चव्वेचाळीस वर्षांचा हा माणूस म्हणजे उकळत्या पातेल्यावरचं झाकण. गिऱ्हाइकाने ‘दोनरेघी’ एवढं उच्चारावं तोवर हे उठलेले. त्याने पैसे काढावेत तोवर हे पायरीवर उभे, डोळे पोलादपूरच्या बाजूला. उरलेले पैसे परत घ्यायला गिऱ्हाइकालाच रस्त्यात उतरावं लागे.

त्यांचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं. ते त्यांनाही वाचल्याशिवाय आठवत नसे. गाव त्यांना बाळ म्हणे, पोरंटोरं बाळकाका म्हणत, आणि पत्नी विनोदिनीबाई ‘अहो’ म्हणत. या ‘अहो’चे पाच-सहा प्रकार होते. त्यातला सगळ्यात खालच्या सुरातला ‘अहो’ नव्या छंदांसाठी राखून ठेवलेला असे.

छंद वर्षाला एक. प्रत्येकाची सुरुवात दुकानातल्या कोऱ्या शंभरपानी वहीने होई आणि शेवट साधारण बाराव्या पानावर. माळ्यावर भाता नसलेली हार्मोनियम होती. भिंग एकच असलेली दुर्बीण होती. मधमाश्यांच्या दोन पेट्या होत्या. माश्या आल्याही होत्या, पण दिवसभर हा गृहस्थ दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघतो म्हटल्यावर त्यांनी आपला संसार दुसरीकडे हलवला. वह्यांची उरलेली पानं विनोदिनीबाई किराण्याच्या यादीला वापरत. प्राथमिक शाळेत शिकवणारी बाई, कोरा कागद वाया घालवत नसे.

पंच्याण्णव सालच्या वैशाखात खांबेटे पोलादपूरला एका लग्नाला गेले. अक्षता पडल्या, पंगत बसायला अवकाश होता, म्हणून हे मांडवातून निघून मागच्या खळ्याकडे फिरायला गेले. तिथे पेंढ्याच्या उडवीशेजारी, ताडपत्रीखालून, एक चाक बाहेर आलेलं दिसलं.

ताडपत्री त्यांनीच उचलली. खाली बुलेट होती, पण देवाघरून आली तशी नव्हे. पुढचा काटा हातभर लांब करून चाक पुढे ढकललेलं. हँडल बैलाच्या शिंगांसारखं वर चढवलेलं. मागचं चाक एवढं जाड, की ते कुठल्या जीपने देणगी दिलं असावं. टाकीवर पंख पसरलेला गरुड. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडून काढून घेतल्यामुळे तो गरुड पिसं झडलेल्या कोंबडीकडे झुकला होता, पण नजर मात्र करारी.  खांबेटे पंगत विसरले. ही गाडी घ्यायची आणि आंबेनळी घाट चढायचा. दिवसाउजेडी, कामाच्या दिवशी, दुकानाला कुलूप लावून. वीस वर्षं ज्या दिशेला बघत पायरीवर उभे राहिले ती दिशा त्यांना एकदम स्वतःची वाटली.

“भाच्यानं बनवली,” मागून आवाज आला. खळ्याचे मालक रावजी, खांद्यावर उपरणं, हातात विडा. “म्हमईत गॅरेजात होता. सुट्टीला आला नि ही करून गेला. आता तो हाय तिकडं, नि ही हाय हितं. मला हिच्यावं बसवत नाय. बसलो तं पाय आभाळात.”

आता महाडचा माणूस जुनी गाडी नाकाने घेतो. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरणं हा तिथला जवळजवळ सण. त्यामुळे तिथे गाडीचं वय कोणी विचारत नाही, ‘किती बुडाली?’ विचारतात. गुडघाभर, सीटभर, आरशापर्यंत, अशा पायऱ्या आहेत. विकत घेणारा हत्यारांच्या पेटीत बोट घालतो, ते नाकाशी नेतो, आणि गाळाचा वास आला की वाकडं तोंड करून निघून जातो. खांबेट्यांनी स्वतः पाच जणांना हे शिकवलं होतं. पण ही गाडी पोलादपूरची. पोलादपूर वर. वरच्या गावातल्या गाडीला वास घेणं म्हणजे चांगल्या घरच्या मुलीला स्वयंपाक येतो का विचारण्यासारखं. त्यांनी बोट खिशात ठेवलं आणि जागेवर सौदा केला. येताना वऱ्हाडाच्या टेम्पोत गाडी चढवून, तिला धरून, उभ्यानेच महाडला आले.

विनोदिनीबाई दारात आल्या. गाडीला डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

“अहो.” सगळ्यात खालचा सूर.

“वरची गाडी आहे. पोलादपूरची. एकदम कोरडी,” खांबेटे म्हणाले.

“मी एवढंच सांगते. दसऱ्याला गाडीला हार घालायचा तो मीच घालते. पण चालत्या गाडीला. माळ्यावर आता जागा नाही, आणि ही माळ्यावर चढायचीही नाही. दसऱ्याला चालली नाही तर जिथून आली तिथे परत. आणि त्यानंतर दुकानातली कोरी वही तुम्ही घरात आणायची नाही.”

शेवटचं वाक्य त्यांना लागलं. वही नाही म्हणजे यापुढे काही सुरूच करायचं नाही. नुसतं स्टूल.

त्याच दुपारी त्यांनी वही काढली, अर्थात शंभरपानी. ‘दुरुस्ती’ या सदरात चार कलमं होती, ‘सुधारणा’ या सदरात एकोणचाळीस. दोन हॉर्न, एक गावासाठी व एक घाटासाठी. धुक्यासाठी पिवळा दिवा. गरुडाला चोच. मे सरला, जून उजाडला, शाळा सुरू झाल्या, दुकानात रीघ लागली आणि खांबेटे गिऱ्हाइकाच्या पावतीमागे सायलेन्सरची आकृती काढत राहिले. एका मुख्याध्यापकांना खडूच्या खोक्यांच्या पावतीऐवजी क्लचचं माप लिहिलेला कागद गेला. ते सज्जन होते, त्यांनी तो फळ्यावरच्या आकृतीसाठी जपून ठेवला.

गाडी दुरुस्तीला होती बिरवाडीत, चांगूच्या गॅरेजात. चांगू बिरवाडीचाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा. कारखान्यातल्या लोकांच्या गाड्या सांभाळून त्याचा मालकांवरचा विश्वास उडाला होता, यंत्रांवरचा शाबूत होता. खांबेटे दर दोन दिवसांनी दुकान मुलीवर, कॉलेजातल्या ईरावर, सोपवून तिथे जात आणि वहीतलं एखादं कलम मोठ्याने वाचून दाखवत.

जुलैच्या एका दुपारी चांगूने नुसतं बोटाने बोलावलं. हँडल सोडवून त्याने उलटं धरलं होतं. त्याच्या नळीतून बारीक, पिवळट, वाळलेली माती भुरुभुरु पडत होती.

“रस्त्याची धूळ,” खांबेटे म्हणाले.

चांगूने हेडलाइट उघडला. तिथेही माती, चांगली थराथराने बसलेली. मग त्याने सीट उचलली, खालच्या कोपऱ्यात चिमटा घातला आणि काहीतरी चिकटलेलं ओढून काढलं. वहीचं प्लास्टिकचं कव्हर. पुसल्यावर निळी अक्षरं दिसली : खांबेटे वह्या-पुस्तके, बाजारपेठ, महाड.

“शेट, ही तुमच्या दारावरनं पोहत गेल्याली हाय,” चांगू म्हणाला. “आरशापत्तूर.”

खांबेट्यांनी अखेर पेटीत बोट घातलं आणि नाकाशी नेलं. वास ओळखीचा होता. आदल्या पावसाळ्यात दुकानात आठवडाभर तोच होता.

ते तडक एसटीने पोलादपूर गाठून रावजींच्या ओसरीवर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“रावजी, गाडी पुरात होती!”

“व्हती ना,” रावजी शांतपणे म्हणाले. “रंगवायला म्हाडात दिल्याली. तो गरुड काढाया. गरुड वाळायच्या आत पानी आला.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुमी इचारलात कुठं? म्हाडचा मानूस नि इचारीत नाय, मला वाटला, शेट मोठ्या मनाचा हाय. मी सौंसारात पयल्यांदा बगितला असा गिऱ्हाईक.” मग त्यांचा सूर उतरला. “मनाला लागलं आसंल तं गाडी आणून टाका. मी पैसं माघारी देतो. भांडान नको.”

खांबेट्यांना भांडणाची तयारी होती, याची नव्हती. सोपं होतं. गाडी परत, पैसे परत, दसऱ्याआधीच निकाल. ते ओसरीच्या या टोकाला गेले, त्या टोकाला गेले. माळ्यावरच्या कुठल्याच वस्तूबद्दल त्यांना कधी कोणी ‘परत घेतो’ म्हणालं नव्हतं. त्या वस्तू आपोआप सुटत गेल्या होत्या. स्वतःच्या तोंडाने सोडायची वेळ आज पहिल्यांदा आली, आणि ते तोंड काही उघडेना.

“नको,” ते म्हणाले. “राहू दे.”

“बसा आता. च्या घ्या.”

“नको,” असं म्हणून ते पुन्हा रस्त्याला लागलेही.

चांगूने अट घातली. इंजिन पूर्ण उघडावं लागेल, प्रत्येक तुकड्यातला गाळ धुवावा लागेल, एकट्याने दसऱ्यापर्यंत होणार नाही. शेटने रोज दुपारी यावं, पाटावर बसावं, रॉकेल नि ब्रश घ्यावा. “आनि ती वही घरी ठेवायची. मला वाचून दावायची नाय.”

दुकान दुपारी बंद राहू लागलं. खांबेटे बिरवाडीत पाटावर बसून नट धुवायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी तीनशे नट धुतले आणि तीनशे वेळा उठले. चांगूने त्यांच्यापुढे इंजिनाचे तुकडे असे मांडून ठेवले की उठायला वाटच राहू नये. श्रावण गेला, गणपती आले नि गेले. हातांना रॉकेलचा वास कायमचा बसला. गिऱ्हाइकं वही हुंगून मगच घेऊ लागली.

घरी ईराने वही वाचली, पहिल्या पानापासून त्रेचाळिसाव्या कलमापर्यंत.

“बाबा, यात आईची सीट कुठाय?”

खांबेट्यांनी वही पुन्हा चाळली. रावजींच्या भाच्याने गाडी एकट्यापुरती केली होती. मागे नुसता पत्रा. दोन हॉर्न होते, चोच होती, पण विनोदिनीबाईंना बसवायचं कुठे हे त्रेचाळीस कलमांत कुठेच नव्हतं. त्यांनी बिरवाडीला जाऊन चाचरत चांगूला सांगितलं. चांगूने पहिल्यांदा वहीतलं नसलेलं काही ऐकून घेतलं. “हे करू,” तो म्हणाला. सगळ्या सुधारणांत तेवढी एकच पुरी झाली, आणि ती वहीत नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी चांगूने किक मारली. चौथ्या किकला गाडी अशी दणकून बोलली की शेजारच्या पत्र्यावरचे कावळे उडाले. खांबेट्यांनी चांगूला मिठी मारली. चांगूने ती सहन केली.

“शेट, एक ऱ्हायला. काटा लांब केल्याला, त्याला पुढच्या ब्रेकची वायर पुरत नाय. लांब वायर पनवेलीहून येतेय. चार दिस थांबा. तवर गावात फिरवा, घाटात नाय.”

“बरं,” खांबेटे म्हणाले. चार दिवस थांबणारा माणूस कोणी पाहिला असेल तर तो ते नव्हते.

सकाळी विनोदिनीबाईंनी हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, आणि किक मारायला सांगितली. गाडी चालू झाली. त्यांनी कान देऊन ऐकलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि तशाच घरात गेल्या. खांबेट्यांचा चेहरा पडला. पण बाई परत आल्या त्या पदर खोचून, पिशवीत दशम्या घेऊन. मागच्या सीटवर बसल्या नि म्हणाल्या, “चला. दुकानाला कुलूप मी लावलंय.”

पोलादपूर मागे पडलं, आंबेनळी सुरू झाली. उतारावर पिवळी सोनकी पसरली होती, दरीत ढग होते. गाडी धापा टाकत होती पण चढत होती, आणि खांबेटे प्रत्येक वळणाला ओरडून सांगत होते, “चढली! ही पण चढली!” घाटमाथ्याशी त्यांनी गाडी उभी केली. चढामुळे ती आपली आपणच उभी राहिली. दशम्या खाल्ल्या. दहा मिनिटं झाली नाहीत तोच ते हात झटकून उठले.

“आता निघू.”

“निघू या,” बाई म्हणाल्या. “ब्रेक चांगले आहेत ना?”

खांबेट्यांनी उत्तराआधी दरीकडे पाहिलं, तिथेच सगळं कळलं.

“अहो!”

“मागचा आहे. पुढचा पनवेलहून येतोय.”

“म्हणजे मला न सांगता…”

“तू म्हणाली होतीस चालली पाहिजे. थांबली पाहिजे असं काही म्हणाली नव्हतीस.”

विनोदिनीबाईंनी डोळे मिटले, उघडले, आणि रस्त्याच्या कडेचा एक चांगला चौकोनी दगड निवडला. ते पहिल्या गियरमध्ये, बैलगाडीच्या वेगाने, घाट उतरू लागले. तीव्र वळण आलं की बाई खाली उतरत, पुढे चालत जाऊन समोरून काही येतंय का बघत, हात करत. गाडी जरा जास्त सुटली की मागचा ब्रेक किंचाळे, आणि बाई धावत जाऊन चाकाखाली दगड सरकवत. मागून येणारी जीप त्यांना ओलांडून गेली. त्यातल्या माणसाने विचारलं, “काय, बिघडली काय?”

“बिघडली नाही,” दगड उचलत विनोदिनीबाई म्हणाल्या. “उतरवतोय.”

तेवीस वळणं होती. बाराव्याच्या पुढे खांबेट्यांनी मोजणं सोडलं. त्यांच्या लक्षात आलं, की बाई पुढे चालताना काहीतरी गुणगुणतायत, आणि दगड मागच्या वळणाला बदलून त्यांनी त्याहून बेताचा, हाताला बसणारा घेतलाय.

“अहो,” त्या म्हणाल्या. हा सूर त्यांनी आजवर ऐकलेल्यांपैकी नव्हता. “पुढचा ब्रेक आला की आधी माझ्या सीटला धरायला काहीतरी लावून घ्या. लिहून ठेवा कुठेतरी.”

“वहीत?”

“वहीतच. आणि आता पुढे बघा, ट्रक येतोय.”